महागडी शिकारी रायफल घ्यावी का? आधी कागदी ताटलीला विचारा

पश्चिम पेन्सिल्वेनियात पुष्कळ शाळा थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंद असतात. सण गुरुवारी झालेला असतो. सोमवारची सुट्टी हरणांसाठी. रायफलचा हंगाम पूर्वी त्या सोमवारी उघडायचा. २०१९ पासून तो शनिवारवर आला, पण सुट्टी काही हटली नाही. मी इथे नवा होतो तेव्हा हे ऐकून हसलो होतो. चौथ्या वर्षी कारखान्यातल्या फोरमनने मला त्याच्या मचाणावर नेलं, आणि पाचव्या वर्षी मी बंदुकीच्या दुकानात काचेवर कोपर टेकून उभा होतो. समोर दोन रायफली. एक साडेपाचशे डॉलरची, दुसरी चोवीसशेची.

मी चोवीसशेची घेतली. दीड वर्षाने ती पंधराशेला विकली. त्या नऊशे डॉलरांत जे शिकलो ते खाली लिहितो आहे.

इथल्या मुलाला पहिली रायफल बहुधा आजोबांकडून मिळते आणि तिच्याबरोबर आजोबांची मतंही मिळतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्या घरांत या विषयावर बोलणारं कुणी उरलं नाही. मग आपण दुकानदाराचं ऐकतो, नाहीतर किमतीच्या चिठ्ठीचं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या, पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला निघालेल्या मराठी माणसासाठी हा लेख आहे. शिकार करावी की नाही या वादात मी इथे शिरत नाही.

१. आधी कायदा, मग कॅटलॉग

रायफल आवडली, घेतली आणि मग कळलं की आपल्या राज्यात ती हरणावर चालतच नाही, असं होऊ शकतं. आपली इतकी मंडळी राहतात त्या न्यू जर्सीत हरणासाठी काडतुसी रायफल वापरता येत नाही. शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्य एवढंच. ओहायोत रायफल चालते, पण सरळ भिंतीच्या काडतुसाची. तोंडाशी आवळत गेलेलं .३०८ किंवा .३०-०६ हे काडतूस तिथे हरणाला नाही. पेन्सिल्वेनियात ही दोन्ही चालतात, पण हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, चालत नाही. म्हणून आपल्या राज्याच्या शिकार खात्याची यंदाची नियमपुस्तिका आधी वाचा. गेल्या वर्षीची नको.

दुसरी गोष्ट व्हिसाची. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. काही अपवाद आहेत, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर हातात घेणं हेसुद्धा बाळगण्यातच धरलं जातं, हे पुष्कळांना माहीत नसतं. अपवादाच्या भरवशावर पाऊल टाकायचं असेल तर आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकाला संघराज्याच्या कायद्याने रायफल घेता येते, राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. दुकानात बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि त्यात जाणूनबुजून खोटं लिहिणं गंभीर गुन्हा आहे. ग्रीन कार्डची वाट पाहत असताना असलं धाडस कुणी करू नये.

तिसरी गोष्ट, हंटर एज्युकेशनचा वर्ग. परवान्यासाठी तो लागतोच. पण लागला नसता तरी करा. मला तिथे कळलेली सर्वात उपयोगाची गोष्ट म्हणजे हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून लक्ष्य किती मोठं असतं: साधारण आठ-नऊ इंचांचं वर्तुळ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

२. जास्तीचे पैसे नेमके कुठे जातात

मी मूळचा सांगलीकडचा, टूलरूममध्ये उमेदवारी केलेला. त्यामुळे रायफल हातात आली की माझी नजर आधी यंत्रकामावर जाते. दुकानदार ज्याला ‘क्वालिटी’ म्हणतो, त्या एका शब्दात चार-पाच वेगवेगळी कामं असतात, आणि त्यातलं प्रत्येक तुमच्या उपयोगाचं असेलच असं नाही.

नळी. पन्नास वर्षांपूर्वी चांगली नळी आणि बरी नळी यांत जमीन-अस्मानाचा फरक असे. आता संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी तो फार कमी केला आहे. रुगर अमेरिकन ही पाच-सहाशे डॉलरची रायफल घ्या. तिची नळी थंड धातूवर हातोड्यांचे घाव घालून घडवलेली असते, आणि ती अॅक्शनवर (काडतूस भरून बंद करणाऱ्या यंत्रणेवर) एका नटाने बसवतात. नटाची ही युक्ती सॅव्हेज कंपनीने १९५८ च्या ११० मॉडेलात आणली. काडतूस बसतं त्या जागेची खोली कारागिराने हाताने जुळवत बसण्याऐवजी गेज लावायचा, नळी फिरवायची आणि नट आवळायचा. स्वस्त आणि अचूक. दिसायला तो नट ओबडधोबड, म्हणून महागड्या रायफलवर तो सहसा नसतो. महागड्या रायफलची नळी बऱ्याचदा आतून हाताने घासून गुळगुळीत केलेली असते. ती साफ लवकर होते आणि वेगवेगळ्या काडतुसांवर रुसत नाही. नुसता नेम बघाल तर फरक आहे, पण किंमत सांगते तेवढा नाही.

बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) आणि चाप. इथे मात्र हाताला लगेच कळतं. चांगल्या रायफलचा बोल्ट मागे ओढताना नव्या लेथचं सॅडल हाताने सरकवल्यासारखं वाटतं, सगळीकडे सारखंच जड आणि सारखंच हलकं. स्वस्तातला बोल्ट मध्ये कुठेतरी खरखरतो, आणि हळू ओढला तर डगमगतो. पण शंभरेक वेळा मागे-पुढे केला की त्यातली निम्मी खरखर जाते. चापाच्या बाबतीत गेल्या वीस वर्षांत स्वस्त रायफली खूप सुधारल्या. दोन ते चार पौंडांच्या दरम्यान बसवता येणारा चाप आता साध्या मॉडेलातही मिळतो.

दस्ता. खांद्याला टेकतो आणि नळीला खालून धरतो तो भाग. स्वस्त रायफल जिथे खरंच स्वस्त असते ती जागा ही. पोकळ प्लास्टिकचा दस्ता मचाणाच्या लोखंडी शिडीला लागला की पत्र्याच्या डब्यासारखा आवाज होतो, आणि पहाटेच्या थंडीत तो आवाज सगळ्या रानात जातो. शिवाय तो वाकतो. पट्टा ताणून धरला की दस्त्याचं पुढचं टोक नळीला टेकतं आणि गोळी दुसरीकडे जाते. तपासायची सोपी युक्ती: एक डॉलरची नोट नळी आणि दस्ता यांच्या फटीत घालून मागे सरकवा. सरळ आत गेली तर नळी मोकळी आहे. आता दस्त्याचं पुढचं टोक नळीकडे दाबा आणि नोट पुन्हा हलवा. अडकली, तर प्रत्यक्ष नेम धरतानाही तेच होणार.

वजन. कार्बन फायबरचा दस्ता, पोलादी गाभ्यावर कार्बन गुंडाळलेली नळी, जागोजागी कोरून काढलेला धातू. महागड्या रायफलच्या किमतीतला फार मोठा भाग यात जातो. याच्यावर पुढे वेगळं लिहितो, कारण मी इथेच फसलो.

आणि शेवटी रूप. अक्रोडाचं लाकूड, हाताने कोरलेली नक्षी, नाव. त्याला मी नावं ठेवणार नाही. पैठणी घेताना कुणी सुती साडीशी ऊब ताडून बघत नाही. फक्त आपण रूपासाठी पैसे देतो आहोत हे मनात स्पष्ट असावं.

३. पायथागोरसला कामाला लावा

रायफलची अचूकता एमओएमध्ये सांगतात. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर तो १.०४७ इंच होतो, आपण एक इंच धरू. ‘दीड एमओएची रायफल’ म्हणजे शंभर यार्डांवर तिच्या गोळ्या दीड इंचात पडतात, दोनशेवर तीन इंचांत.

सर्वसाधारण साडेपाचशेची रायफल चांगल्या काडतुसाने दीड एमओए देते. कित्येक एकच्या आसपासही देतात. महागडी पाऊण एमओए देते असं धरू. दुप्पट अचूक! दुकानदार इथेच थांबतो.

पण गोळी नुसत्या रायफलमुळे हलत नाही, तुमच्यामुळेही हलते. दोन्ही चुका एकमेकींत सरळ मिळवायच्या नसतात. त्यांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, आणि वर्गमूळ काढायचं. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू आणि कर्ण, तेच गणित. समजा तुम्ही गुडघ्यावर बसून नेम धरता आणि शंभर यार्डांवर तुमचा स्वतःचा पसारा (गोळ्या जेवढ्या जागेत विखुरतात ती) चार इंच आहे. नवख्यासाठी हा आकडा चांगलाच म्हणायचा. दीड एमओएच्या रायफलबरोबर एकूण पसारा होतो ४.२७ इंच. पाऊण एमओएच्या रायफलबरोबर ४.०७. फरक २० शतांश इंचांचा, आणि त्यासाठी मोजले साडेअठराशे डॉलर. हरणाचं ते आठ-नऊ इंचांचं वर्तुळ या फरकाला ओळखतही नाही.

आता उलट बाजू. तुम्ही जमिनीवर पालथे, पुढे दोन पायांचा आधार, मागे वाळूची पिशवी, आणि तुमचा पसारा एक इंच. आता दीडवाली १.८० देते, पाऊणवाली १.२५. आता फरक दिसतो. म्हणजे महागड्या नळीचा फायदा मिळायला आधी हात तेवढा बसलेला लागतो. मला हे गणित रायफल विकल्यानंतर सुचलं. वास्तविक दुकानात उभं राहून चिठ्ठीच्या पाठीवर दोन मिनिटांत करता आलं असतं.

जाता जाता ‘एक एमओएच्या आत’ अशी लेखी हमी देणाऱ्यांबद्दल. ती हमी बहुधा तीन गोळ्यांची असते, निवडक काडतुसांची, बाकावरून. तीन गोळ्या योगायोगाने जवळ पडणं सोपं असतं. त्याच रायफलने दहा गोळ्या झाडल्या तर सरासरीने ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, दीड पटीहून थोडा मोठा येतो. म्हणून कुणी फोनवर तीन भोकांचा फोटो दाखवला की उरलेल्या सात कुठे आहेत ते विचारावं.

४. ताटलीची परीक्षा

खरेदीच्या आधी करायची गोष्ट हीच, आणि बाकी काही केलं नाही तरी ही करा.

नऊ इंची कागदी ताटली घ्या, आपल्या लग्नकार्यांत उपमा देतात तसली. रेंजवर शंभर यार्डांवर लावा. वर काही काढू नका, ठिपकासुद्धा नको; हरणाच्या अंगावर ठिपका नसतो. रायफल फोरमनची, शेजाऱ्याची किंवा रेंजवर भाड्याने मिळणारी, नेम आधीच जुळवलेली. बाकावर बसू नका. रानात जसे असाल तसे बसा: मांडी घालून, गुडघ्यावर, किंवा मचाणावरच्यासारखं कठड्याला टेकून. नेम धरून पहिली गोळी झाडा. मग उठा, दहा पावलं चाला, परत बसा आणि दुसरी झाडा. अशा पाच.

पाचही ताटलीत? वेगळ्या दिवशी परत करा. तीन वेगवेगळ्या दिवशी पंधराच्या पंधरा ताटलीत गेल्या तर शंभर यार्डांपर्यंत तुम्ही आणि ती रायफल तयार आहात. मग दीडशेवर जा. जिथे पहिली गोळी बाहेर जाते, तिथे तुमची हद्द संपते. हंगामात हरीण कितीही देखणं असलं तरी त्या हद्दीपलीकडे चाप ओढायचा नाही. जखमी हरणाचा माग काढत संध्याकाळी बर्फात फिरायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

रायफल हाती येईपर्यंत थांबायचं नसेल तर .२२ ने, म्हणजे सरावाच्या छोट्या रायफलने, पन्नास यार्डांवर करा. तिथे वर्तुळ साडेचार इंचांचं, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. कोन तोच राहतो. एक गोळी दहा सेंटच्या आसपास पडते आणि धक्का नाहीच. मी आता वर्षभर .२२ च वापरतो, मोठी रायफल ऑगस्टनंतर काढतो.

या परीक्षेतून रायफलचा प्रश्न आपोआप सुटतो. ताटलीतून गोळ्या बाहेर जात असतील, तर कुठलीही महागडी नळी त्या आत आणणार नाही. दोनशे यार्डांवरही पाचही आत बसत असतील, तर तुमच्या हातात आता असा नेम आहे की चांगल्या रायफलबद्दल बोलायला हरकत नाही.

५. हलकी म्हणजे चांगली?

माझी चोवीसशेची रायफल साडेपाच पौंडांची होती, काडतूस .३०० विनचेस्टर मॅग्नम. दुकानात उचलली तेव्हा हातात छत्री घेतल्यासारखं वाटलं. त्याच क्षणी मी घेतली, खरं सांगायचं तर.

धक्क्याचं गणित निर्दय आहे. काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. आठ पौंडांची रायफल सहा पौंडांवर आणली, म्हणजे वजन पाव भागाने कमी केलं, तर धक्का तेहेतीस टक्क्यांनी वाढतो. माझ्याकडे तर काडतूसही दांडगं होतं. पहिल्या दिवशी वीस गोळ्या झाडल्या, दुसऱ्या दिवशी खांद्यावर जांभळाएवढा डाग. तो बरा झाला. नेमाला जे झालं ते बरं व्हायला वर्ष लागलं.

फोरमनच्या ते लक्षात आलं. त्याने मॅगझिन स्वतः भरून दिलं, मधूनच एक रिकामं, नकली काडतूस घालून. मला माहीत नव्हतं. चाप ओढला, ‘खट्’ एवढाच आवाज, आणि नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलं. मी डोळे मिटले होते. धक्का यायच्या आधीच माझं शरीर त्याला घाबरून दबत होतं. याला इथे फ्लिंच म्हणतात. फोरमन काहीच बोलला नाही, फक्त हसला आणि स्वतःची जुनी, जड .३०-०६ माझ्या हातात दिली.

म्हणून काडतुसाबद्दल सांगतो. .२७० विनचेस्टर १९२५ पासून आहे, .३०-०६ तर १९०६ पासून; .३०८ आणि ६.५ क्रीडमोर ही त्यांची नवी भावंडं. पेन्सिल्वेनियाच्या गर्द रानात शंभर यार्डांपुढचा नेम क्वचित मिळतो, आणि तिथे या चारांतलं कुठलंही हरणाला पुरून उरतं. पहिलीच रायफल असेल तर मी ६.५ क्रीडमोर किंवा .३०८ म्हणेन, कारण धक्का सोसवतो आणि कुठल्याही खेड्यातल्या दुकानात डबा मिळतो. मॅग्नम पहिल्या रायफलला नको.

वजन कमी असण्याचा खरा उपयोग डोंगरात होतो. कोलोराडोत एल्क या मोठ्या हरणाच्या मागे दहा हजार फुटांवर पाच दिवस चालायचं असेल, तर नऊ पौंडांच्या आणि साडेसहा पौंडांच्या रायफलमधला फरक म्हणजे पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, जी तुम्ही कधीच पिणार नाही पण सतत वाहणार. तिथे हलक्या रायफलला मोजलेला पैसा वाया जात नाही. पण आपल्यातले बहुतेक जण गाडी उभी करतात, तीनशे पावलं चालतात आणि मचाणावर चढतात. त्यांनी पौंड वाचवायला हजार डॉलर घालवण्यात काय हशील? उलट जड रायफल कठड्यावर स्थिर बसते.

६. पंधराशे डॉलर दिले तर मी कसे घालीन

रायफल सहाशे. रायफलवर बसवायची दुर्बीण चारशे. दुर्बीण धरणाऱ्या रिंगा आणि पाया पन्नास. काडतुसं तीनशेची, म्हणजे सात-आठ डबे. रेंजची वर्षाची वर्गणी आणि किरकोळ मिळून दीडशे. झाले पंधराशे.

यातली दुर्बीण कमी करू नका. शिकारीची वेळ पहाटेची आणि संध्याकाळची, आणि त्या वीस मिनिटांच्या झुंजुमुंजू उजेडात चांगली काच हरीण आणि झुडूप वेगळं दाखवते. महागडी नळी हे करू शकत नाही. ल्युपोल्ड, व्हॉर्टेक्स यांच्या आयुष्यभराच्या हमीमुळे दुर्बीण जुन्या बाजारातही बिनधास्त घेता येते. मोठेपणाचा हव्यास नको. ३-९ पटीची साधी दुर्बीण पूर्वेकडच्या रानाला भरपूर झाली.

काडतुसांचे तीनशे हे सगळ्यात जास्त परतावा देणारे. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचा एकेक डबा घ्या, थंड नळीने पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप काढा. दोन ग्रुपच्या मध्ये नळी निवू द्या. बारीक नळी तापली की नेम सरकतो. प्रत्येक रायफलचं एखाद्या काडतुसाशी जमतं आणि एखाद्याशी अजिबात जमत नाही. दीड एमओएची रायफल योग्य काडतुसाने एकवर आलेली मी स्वतः मोजली आहे. जमलं की त्याच लॉटचे आणखी चार डबे घेऊन ठेवा.

लांबच्या नेमाची स्वप्नं पडत असतील तर एवढं पाहा. दोनशे यार्डांवर नेम जुळवलेल्या साध्या .३०८ ची गोळी तीनशेवर साधारण आठ इंच खाली जाते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला तेवढ्याच अंतरात सहा-सात इंच ढकलतो. नळीतला पाऊण एमओएचा फरक (तीनशेवर सव्वादोन इंच) यात विरून जातो. वारा वाचायला शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या वर्गाला पैसे घाला.

एक जाता जाता. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफल आणि काडतुसांवर उत्पादकाकडून ११ टक्के कर घेतात आणि तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना जातो. म्हणजे महागडी घेतलीत तर जंगलाला थोडं जास्त. माझ्या चोवीसशेतलं एवढं एकच पुण्य.

७. मग महागडी कुणी घ्यावी

डोंगरात जाणाऱ्याने, हे सांगितलंच. समुद्रकाठच्या किंवा सतत पावसाच्या प्रदेशात शिकार करणाऱ्याने, कारण तिथे स्टेनलेस पोलाद आणि चांगला लेप म्हणजे गंजापासून सुटका. दोनशे यार्डांच्या ताटलीत सतत गोळ्या घालणाऱ्याने, ज्याचा हात रायफलच्या पुढे गेला आहे. डावखुऱ्याने कधीकधी, कारण स्वस्त रायफलींत डाव्या हाताचे पर्याय मोजके असतात. आणि ज्याला ती वस्तू म्हणून आवडते त्याने, बिलं भरून झाल्यावर.

‘महाग म्हणजे टिकाऊ’ हे कारण मात्र देऊ नका. वर्षाला साठ गोळ्या झाडणाऱ्या माणसाला दोन हजार गोळ्या व्हायला तेहेतीस वर्षं लागतात. स्वस्त नळीही तेवढी सहज टिकते.

या दोन टोकांच्या मध्ये एक पायरी आहे आणि बहुतेकांनी तिथेच थांबावं असं माझं मत. टिक्का टी३एक्स आठशे-हजारच्या आसपास मिळते. ती फिनलंडमध्ये रिहिमॅकीला साको कंपनीच्याच कारखान्यात बनते. साकोच्या नावाची रायफल याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला जाते. टिक्कात बचत दिसते ती प्लास्टिकच्या मॅगझिनमध्ये आणि साध्या दस्त्यात. नळीत आणि बोल्टमध्ये दिसत नाही. वेदरबी व्हॅनगार्ड जपानच्या होवा कारखान्यातून येते, थोडी जड, पण भक्कम. मी विकून आलेल्या पंधराशेतून टिक्का घेतली, .३०८ मध्ये, आणि उरलेल्यात दुर्बीण. अजून तीच आहे.

जुन्या बाजाराचा विचार जरूर करा. माझ्यासारखे हौशी लोक महागड्या रायफली दीड-दोन वर्षांत विकतात, आणि त्यांनी त्यातून पन्नाससुद्धा गोळ्या झाडलेल्या नसतात. जुनी रेमिंग्टन ७०० दिसली तर एक गोष्ट तपासा: १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेले एक्स-मार्क प्रो चाप कंपनीने २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी परत मागवले होते. त्या काळातली रायफल असेल तर चापाचं काम झालं आहे का, हे जाणत्या बंदूकवाल्याकडून पाहून घ्या. त्याआधीच्या चापांबद्दलही तक्रारी आणि कोर्टकज्जे झाले आहेत, तेव्हा तिथेही तोच नियम.

८. काउंटरवर उभे असताना

रायफल हातात आली की आधी बोल्ट उघडून ती रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा, दुकानदाराने तुमच्यादेखत पाहिलं असलं तरी. नळी कुणाकडेही वळू देऊ नका. नवखा माणूस कोण हे दुकानदार एवढ्यावरून ओळखतो.

मग डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, डोळे उघडा. दुर्बिणीतून चित्र पूर्ण दिसतं का? मान ताणावी किंवा दाबावी लागत असेल तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. आपल्यातले पुष्कळ जण साडेपाच फुटांच्या आसपासचे, आणि इथले दस्ते सहा फुटी माणसाच्या हिशेबाने कापलेले असतात. जाड हिवाळी कोट घालूनच हे करून बघा. मापाचा तरुणांसाठीचा आखूड दस्ता शे-सव्वाशे डॉलरमध्ये मिळाला तर तो हजार डॉलरच्या नळीपेक्षा जास्त कामाला येतो, यात मला तिळमात्र शंका नाही.

हातमोजे घालून सेफ्टी (चाप अडवणारी कळ) मागेपुढे करा. आवाज किती होतो ते ऐका. बोल्ट दुर्बिणीच्या खाली हात न घासता उचलता येतो का बघा. नोटेची युक्ती करा. परवानगी घेऊन चाप दोन-तीनदा ओढून बघा. आणि दोन रायफली शेजारी ठेवून तुलना करत असाल, तर किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या करायला सांगा. दुकानदार हसेल, पण करेल. माझ्या भाच्याला मी असंच करायला लावलं. त्याने साडेसातशेची निवडली, आणि चिठ्ठी सुलटी केल्यावर त्याचा चेहरा थोडा पडला. महागडी निवडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं. त्या शनिवारी आम्ही ताटल्यांचं एक पाकीट घेऊन रेंजवर गेलो.